ओळंबेसर

त्यांचं आडनाव ओळंबे नाही. हे नाव ठेवलं ऑफिसच्या ड्रायव्हरनं. भिंतीवरची गाडगेबाबांची तसबीर दार आपटलं की अर्धं बोट कलायची, आणि सर येता-जाता ती सरळ करायचे. ड्रायव्हर आधी गवंड्याच्या हाताखाली होता. दोन दिवस त्यानं हे पाहिलं आणि म्हणाला, "हा मानूस नाही नं बा, ओळंबा होये." आता पत्रंसुद्धा 'श्री. ओळंबे यांस' अशी येतात. पत्त्यात स्वल्पविराम चुकलेला असला तर सर आधी तो दुरुस्त करतात, मग पाकीट फोडतात.

गडचिरोलीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. गावांना तेंदूपत्त्याच्या आणि बांबूच्या हिशेबात मदत करणं हे काम. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलावरचा सामूहिक हक्क गावाकडे येऊ लागला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला तो २००९ मध्ये मिळाला, देशात सगळ्यात आधी ज्यांना मिळाला त्यांत. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक द्यायला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. त्या सोहळ्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले आहेत. पण हक्काच्या मागोमाग हिशेबही गावाकडे येतो, आणि हिशेबाचा फोटो कोणी काढत नाही.

हिशेबासाठी आमच्याकडे एक स्क्रिप्ट होती. चंद्रपूरला इंजिनिअरिंग शिकलेल्या एका पोरानं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून पायथॉनमध्ये लिहिलेली. नंतर तो सगळ्यांसारखा हिंजवडीला गेला. फाइलचं नाव 'हिशेब_फायनल_नवीन_२_खरा'. कामं तिची तीन. पानं गोळा करायच्या फळीवरचा मुन्शी वहीत लिहितो ती यादी तालुक्याचा टायपिस्ट कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करून पाठवायचा, ती युनिकोडमध्ये आणायची. मग कोणत्या बाईनं पानांचे किती पुडे दिले ते मोजून दरानं गुणायचं. मग बँकेला पाठवायची यादी काढायची. बटण दाबलं की चहा येईपर्यंत यादी तयार. सगळे खूश. कोणी विचारलं तर उत्तर एकच : "चालते नं!"

ओळंबेसरांना चीड असलेला शब्द हाच. "चालते म्हणजे काय? बैलगाडीही चालते."

सर नागपूरहून आले. तिथल्या एका कंपनीत पंधरा-वीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासण्याचं काम केलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी ती स्क्रिप्ट उघडली, आणि चष्मा काढून पुसला. मग त्यांनी ती पायलिंटला दिली. पायलिंट म्हणजे पायथॉनचा पेपर तपासणारा मास्तर. दहापैकी गुण देतो. त्याच्या तेव्हाच्या आवृत्तीत गुण शून्याच्या खालीही जात. आमच्या स्क्रिप्टला उणे साडेतीन पडले. सरांनी तो आकडा फळ्यावर लिहिला आणि खाली रेघ मारली. पट्टी लावून.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर नियमावली आली, लॅमिनेट केलेली. पेप-८ म्हणतात तिला. पायथॉनचा जन्मदाता गिडो व्हान रॉसम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये पायथॉन कसं लिहावं याचे शिष्टाचार घालून दिले, तेच हे. प्रत्येक पायरीला चार स्पेस, टॅब नाही. ओळ ७९ अक्षरांच्या पुढे जाऊ नये. दोन फंक्शनांच्या मध्ये दोन ओळी मोकळ्या. नियम चांगले आहेत, वाद नाही. त्याच नियमावलीच्या सुरुवातीला एक कलम असंही आहे की नियमासाठी नियम पाळणं हा खुळेपणा आहे आणि कुठे नियम सोडायचा हे कळलं पाहिजे. आमच्या भिंतीवर त्या कलमावर कालनिर्णय टांगलेलं होतं. खिळा तिथेच होता.

पहिलं भांडण नावांवरून. पोरानं व्हेरिएबलना नावं दिली होती 'पैसे', 'पैसे२' आणि 'खरेपैसे'. लूप थांबवायच्या खुणेचं नाव होतं 'भाऊ_थांब'. सरांनी 'खरेपैसे'चं 'एकूण_देय_संकलन_मजुरी_रक्कम' केलं. ते इतकं ऐसपैस झालं की ७९ अक्षरांच्या ओळीत दोनदा आलं की तिसऱ्याला जागा उरेना, आणि प्रत्येक बेरीज तीन ओळींची झाली. सरांचं म्हणणं, नाव वाचलं की आत काय आहे ते कळलं पाहिजे. हिशेब बघणाऱ्या ताई नागभीडकडच्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आमच्या तालुक्यातल्या दादाजी खोब्रागड्यांनी जगाला तांदूळ दिला. नाव पडलं एचएमटी, घड्याळाचं. आजवर कोणी घड्याळ शिजवलं का, सर?"

सरांनी ते ऐकलं, आणि 'भाऊ_थांब'चं 'लूप_समाप्ती_निदर्शक' केलं.

मग सापडली 'पानं = 70' ही ओळ. फंक्शनात एकटीच बसलेली, पुढे कुठेच वापरलेली नाही. सर खोडायला गेले तर ड्रायव्हर आडवा आला. "काहून काढता, सर? पुडा सत्तरचाच असते."

"खरं असून भागत नाही. वापरात असायला हवं."

"आमी रोज वापरतो नं."

पुढे सरांना कुठूनसं कळलं की पुडा आपल्याकडे ७० पानांचा असला तरी छत्तीसगडात तो ५० चा. ते भयंकर खूश झाले. म्हणजे आकडा बदलू शकतो, म्हणजे तो वर, स्थिरांक म्हणून हवा! हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, तोही स्थिरांक. 'एका पुड्यातली पानं' अजूनही कुठे वापरात नाही, पण आता ती फाइलच्या डोक्यावर दिमाखात बसलेली आहे. ड्रायव्हरला वाटतं भांडण तो जिंकला.

गावांच्या नावांतले कंस सरांना 'स्पेशल कॅरेक्टर' वाटले, आणि ते एका ओळीत साफ होणार होते. ताईंनी वेळेवर हात धरला. मेंढा नावाची गावं इकडे एकाहून जास्त. शेजारचं लेखा कंसात घातल्याशिवाय कोणता मेंढा ते कळणार कसं? माल, चक, तुकूम, टोला असल्या शेपट्या लावूनच इथली गावं ओळखायची. सरांनी कंस राहू दिले, पण कंसाच्या आधी नेमकी एक स्पेस असावी एवढं मात्र करून घेतलं.

इतकं लिहिल्यावर वाचकाला वाटेल की माणूस नुसता त्रासदायक. तसं नाही, हीच तर पंचाईत. त्या स्क्रिप्टमध्ये एका जागी पोरानं लिहून ठेवलं होतं की काही चूक आली तर बोलू नकोस, पुढे जा. दोन शब्दांचा मामला. पायथॉन देवनागरी अंक मुकाट्यानं वाचतो, '१२०' दिलं तरी त्याला कळतं. पण मुन्शी कधी '१२०+१५' लिहायचा, कधी नुसतं 'वरीलप्रमाणे'. ते त्याला वाचता येत नाही, आणि गप्प राहायची आज्ञा असल्यामुळे ती ओळच तो गाळून पुढे जायचा. यादी तयार, चहा तयार, कोणाला पत्ता नाही. सरांनी ते दोन शब्द काढले आणि बटण दाबलं. चहाचं पाणी उकळायच्या आत स्क्रिप्ट लाल अक्षरांत ओरडून थांबली. "चालत होतं ते बंद पाडलं" म्हणून ऑफिसात बोंबाबोंब झाली. सर जागचे हलले नाहीत. एकेक गाळलेली ओळ काढली, वह्या मागवल्या, ताईंना शेजारी बसवून मागच्या हंगामातली नावंही शोधली. पहाटे उठून, घाटाघाटानं पानं तोडून, ७० मोजून पुडे बांधलेल्या बायांची नावं होती ती. बाकी निघालेले पैसे त्यांच्या खात्यात गेले. त्या आठवड्यात सरांची कोणी थट्टा केली नाही. त्यांनी सगळ्यांच्या टेबलांवरचे पेन एका दिशेला केले तरी केली नाही.

त्यानंतर त्यांचा हात सुटला, आणि मात्रांची यादी त्यात सापडली.

इथे थोडं खोलात जावं लागेल. कृतिदेव हा फॉन्ट टाइपरायटरच्या वळणाचा. आत इंग्रजी अक्षरं असतात, वर देवनागरीचा मुखवटा. काना म्हणजे 'के', एका मात्रेचा 'ए'कार म्हणजे 'एस', आणि काना-मात्रा म्हणजे 'के-एस' जोडीनं. पहिली वेलांटी तर आधी टाइप करायची, अक्षर मागून. म्हणून रूपांतरात ती उचलून पलीकडे नेली नाही तर गडचिरोलीची 'गडिचरोली' होते. रफाराची उलटी गंमत, तो मागे टाइप होतो आणि त्याला पुढे आणावं लागतं, नाहीतर मार्कंडा देवस्थानाचं नाव देवालाही वाचता येणार नाही. पोरानं हे सगळं बसवलं होतं. अक्षरांची यादी वेगळी, मात्रांची वेगळी, वरून खाली एकेक बदलत जायचं. मात्रांची यादी दिसायला गबाळी : 'के-एस' वर, 'के' खाली, मध्येच भलतंच काही. सरांनी ती अकारविल्हे लावली. यादी अकारविल्हेच असते, यात विचारायचं काय!

झालं असं, की आता 'के' आधी आला आणि 'के-एस' नंतर. त्यामुळे जिथे जिथे काना-मात्रा जोडीनं होती तिथे आधी काना बदलला गेला आणि मात्रा मागे एकटी राहिली, ती पुढे तिच्या पाळीनं बदलली. कागदावर 'गडचिराेली' आणि 'गडचिरोली' यांत फरक दाखवा म्हटलं तर शाळेचा मास्तरही हरेल. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. बँकेची यादी तालुक्यानुसार निघते. जिल्ह्यात तालुके १२. पैकी गडचिरोली, धानोरा, चामोर्शी, आरमोरी, कोरची आणि सिरोंचा या सहांच्या नावात 'ओ'कार. बरोबर निम्मा जिल्हा गायब! कुरखेडा आहे, अहेरी आहे, भामरागड आहे. कडेला असलेला आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की खरोखरच तुटणारा भामरागड यादीत ठणठणीत, आणि ज्या गडचिरोलीत आम्ही बसलो होतो ती सापडेना.

पायलिंट मात्र त्याच दिवशी दहापैकी ९.८ गुण देत होता.

सर रात्रभर पडद्याकडे बघत बसले. स्पेलिंग बरोबर, इंडेंट बरोबर, नावं बरोबर. सकाळी ताईंनी न विचारता हिंजवडीला फोन लावला. पोरानं अर्धंच ऐकलं आणि म्हणाला, "सर, ती यादी सरळ तर नाही नं केली?"

"सरळ म्हणजे? अकारविल्हे केली."

"ती तशी वाकडीच राहू द्या. मोठी जोडी आधी, सुटं अक्षर नंतर."

"मग तसं कॉमेंटमध्ये लिहायचं होतं!"

"लिहिलं होतं, सर."

लिहिलं होतं खरंच. यादीच्या डोक्यावर मराठीत होतं : 'याले बोट लावशील तं भोगशील.' आता पेप-८ सांगतं की कॉमेंट पूर्ण वाक्यात असावी, आणि आपली भाषा न जाणणारा कोणी ती कधीच वाचणार नाही अशी १२० टक्के खात्री नसेल तर इंग्रजीत असावी. सरांना १०० टक्के खात्री होती. वीस कमी पडली. म्हणून त्यांनी त्या ओळीचं इंग्रजी केलं होतं, सरकारी अदबीचं, 'सदर यादी हाताळताना योग्य ती काळजी घ्यावी' अशा अर्थाचं. आणि योग्य ती काळजी घेऊन यादी हाताळली होती.

यादी पुन्हा वाकडी झाली. तिच्या वर आता कृतिदेवचा इतिहास, काना-मात्रेची कुळकथा आणि दोन उदाहरणं अशी चौदा ओळींची प्रस्तावना आहे, एकही ओळ ७९ च्या पुढे नाही. पोर दिवाळीत आला तेव्हा त्यानं ती वाचली आणि स्वतःच्या कंपनीत दाखवायला एक प्रत मागून नेली. 'कसं चालतंय हे मला आज कळलं,' असं तो जाताना ताईंना म्हणाला. सरांना सांगायची हिंमत कोणाला झाली नाही.

यंदाच्या मे महिन्यात सरांनी मुळालाच हात घालायचा ठरवला. खरा दोष स्क्रिप्टचा नाही, वहीचा आहे. म्हणून वही कशी लिहावी हे समजावायला ते स्वतः फळीवर गेले. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं मेमधलं ऊन, सकाळी नऊलाच डोळ्यांपुढे काजवे. बाया पुडे वाळायला लावत होत्या. ओळीत ओळ, पुड्याला पुडा, आणि दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा. सर हरखून उभेच राहिले. हे कोणी शिकवलं म्हणून एका आजीला विचारलं. ती म्हणाली, "शिकवते कोन? पाय ठेवाले जागा नसन तं पुडे पलटवाल कसे?"

मग मुन्शीला गाठून सरांनी सुरुवात केली. एका रकान्यात एकच आकडा. बेरजेची खूण नाही. आणि 'वरीलप्रमाणे' तर अजिबात नाही, प्रत्येक ओळीनं स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे. मुन्शी मान हलवत होता, वहीत लिहितही होता. पाच मिनिटांत आजीची हाक आली, "मास्तर, बोला तुमचं. पन जरा बाजूले सरकून बोला. सावली पुड्यायवर पडून रायली, पान वारन कसं?" सर सरकले, पण ज्या ओळीशी सरकले तिच्यावर सावली पडली, तिथून हाक आली, पुन्हा सरकले. असे सरकत सरकत, आख्खी फळी ओलांडून, एकही मुद्दा न गाळता त्यांनी व्याख्यान पुरं केलं. शेवटी विचारलं, "सगळं लिहून घेतलं ना?"

मुन्शीनं वही दाखवली. पहिला मुद्दा त्यानं सविस्तर उतरवला होता. त्याच्याखाली एकाखाली एक, अगदी सुतात, लिहिलं होतं : वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे.