बॉयलरतात्या

परळीच्या औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेली माणसं मराठवाड्यात गावोगाव सापडतात. कुणी शेती बघतं, कुणी पतसंस्था काढतं, कुणी टाळ धरून कीर्तनात उभं राहतं. सेलूच्या वाट्याला बॉयलरतात्या आले. २१० मेगावॉटच्या संचात ५४० अंशांची वाफ नेणाऱ्या नळ्या त्यांनी उभी हयात तपासल्या. वाफ टर्बाइनला गेली, वीज गावोगाव गेली, तात्या नळीपाशीच राहिले.

माणसाची तब्येत ते विचारत नाहीत, धातूची विचारतात. स्टेशनजवळच्या हॉटेलात शिरले की आधी भट्टीपाशी. बर्नरवर नख मारायचं, सुटलेला काळा पापुद्रा तळहातावर घ्यायचा आणि मालकाच्या नाकासमोर धरायचा. "हे बघ. च्या उकळायलाय का लोखंड खायलाय?"

"तात्या, बसा की."

तात्या बसत नाहीत. गंजायला पाणीच लागतं, ही लोकांची समजूत त्यांना मोडायची असते. लालबुंद लोखंडाला नुसती हवा पुरते. त्यात १८ टक्के क्रोमियम घातलं, की वर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि खालच्या धातूला राखतो. "पर हजार अंशांच्या वर त्यो थरच वाफ होऊन उडायला लागतो. तिथं ॲल्युमिनियम पायजे. अन् धुरात गंधक असलं, तर निकेलवर लई भिस्त ठिवू नका. निकेल-गंधकाची जोडी साडेसहाशेच्या आतच पातळ होते." शेवटी आवाज खाली आणून ते यिट्रियमचं सांगतात: मिश्रधातूत किंचित घातलं, तरी थर धातूला घट्ट चिकटून राहतो. त्यामुळं सेलूतल्या चहाबाजांना यिट्रियम हा शब्द पाठ आहे. कापूसवाल्यांना ते खत वाटतं आणि एकानं एकरी किती लागतं तेही विचारलं होतं.

लग्नात आचाऱ्याची चूल, जिनिंगमधला आगबंब, पोलिसांच्या जीपचा सायलेन्सर, तात्यांना काहीच वर्ज्य नाही. पण त्यांची खरी प्रयोगशाळा स्मशानात आहे.

झालं असं, की एका मयतीत सरण पेटलं, मंडळी झाडाखाली सरकली, तात्या मात्र लोखंडी सांगाड्याकडं टक लावून उभे. लोकांना वाटलं, जुना स्नेह. तात्यांच्या डोक्यात हिशेब चालू होता. लाकडाच्या राखेत पोटॅश, त्यात क्लोराइड. गज आज लाल, उद्या गार, म्हणजे पापुद्रा धरला की तडकून सुटणार. उरलंसुरलं पावसाळा खाणार. बॉयलरमध्ये निदान आग सलग तरी असते! ते मयताच्या मुलाजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. पोरगं हुंदका आवरत म्हणालं, "तात्या, बाबा गेले हो."

"व्हय बाळा," तात्या म्हणाले, "पर हे गज बी गेलेत."

पुढच्याच महिन्यात जालन्याच्या भंगारातून त्यांनी ३१० जातीच्या स्टेनलेसचे दोन गज आणले. २५ टक्के क्रोमियम, २० टक्के निकेल. लाकडात गंधक नाममात्र, तेव्हा निकेल चालतं, असा निर्वाळा स्वतःलाच दिला. पेन्शनीत दोनच बसले. ते साध्या गजांच्या मधोमध वेल्ड करून घेतले, म्हणजे तुलना आपसूक.

तेव्हापासून तात्या गावातली एकही मयत चुकवत नाहीत. ओळख असो नसो, जात कुठली का असेना, तिसऱ्या दिवशी सावडायलाही हजर. घरचे अस्थी वेचतात, तात्या कोपऱ्यात बसून व्हर्नियर लावतात आणि वहीत आकडा टिपतात. "देवमाणूस आहे," असं म्हणणारे सेलूत पुष्कळ आहेत. वही कुणी पाहिलेली नाही.

मध्यंतरी तात्या दोन दिवस जेवले नाहीत. महागड्या गजालाही बारीक खड्डे पडले होते. पोटॅशनं क्रोमियमला फितवून त्याचं क्रोमेट केलं होतं आणि थराला भोकं पाडली होती. आता ते गजांवर ॲल्युमिनियम मुरवून आणायचं म्हणतात. त्यासाठी काकूंच्या पाटल्यांकडं एकदोनदा बघून झालंय.

"अन् तुमी गेल्यावर कोण मोजंल?" काकूंनी चिडून विचारलं.

तात्यांनी तीही तजवीज केली आहे. शेजारचं आयटीआयचं पोरगं सध्या त्यांच्याकडं व्हर्नियर वाचायला शिकतंय. फी नाही. अट एवढीच, की तात्यांना मधल्या दोन गजांवर ठेवायचं, आणि आधी रीडिंग घ्यायचं.