ओबर-रखोली कशी वसवावी

युद्धखेळासाठी स्वतःचे राष्ट्र काढू इच्छिणाऱ्या सिल्वासावासीयाने आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सैन्य विकत मिळते, नकाशा भाच्याकडून काढून घेता येतो; गावांची नावे मात्र स्वतःलाच पाडावी लागतात. आणि ती जर्मन वाटावी लागतात. का, असे विचारणाऱ्याने कॅरम खेळावा.

तरीही शंकेखोरांसाठी खुलासा. अठराव्या शतकात जर्मन मुलखात तीनशेहून अधिक संस्थाने होती. कुठे ड्यूक, कुठे बिशप, कुठे नुसतेच एक शहर. या गर्दीत आपले एखादे घुसवले तर शेजारच्या ड्यूकलाही पत्ता लागत नाही. व्होल्तेअरने १७५९ साली ‘कांदीद’मध्ये थुंडर-टेन-ट्रोंक नावाचा सरदार वेस्टफालियात असाच खपवला. शिवाय हा खेळच मुळात प्रशियाचा. थोरल्या राइसविट्झने तो १८१२ साली राजापुढे टेबलभर मांडला. मुलाने १८२४ मध्ये १:८००० प्रमाणाच्या नकाशावर फासे टाकून खेळायचे नियम छापले आणि प्रशियन सैन्याने ते अभ्यासाला लावले. पुढे इंग्रजांनी त्याचा छंद करून टाकला. यंग आणि लॉफर्ड या माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या ‘चार्ज!’ (१९६७) या पुस्तकात ब्लास्टहोफच्या पुलाची लढाई आहे. मागचा ‘होफ’ अस्सल जर्मन, पुढे इंग्रजी सुरुंग.

जागेची चिंता नको, सिल्वासाभोवतीचा आपला मुलूखच पाहावा. दादरा आणि नगर हवेली यांच्यामध्ये गुजरातची पट्टी, नगर हवेलीच्या पोटात पुन्हा गुजरातचे मेघवाळ गाव. असा नकाशा रचायला सॅक्सनीच्या राजघराण्याला कित्येक पिढ्या भाऊबंदकी करावी लागली. आपल्याला तो तयार मिळाला आहे.

आता प्रत्यक्ष कृती. अर्ध्या लोकांची गाडी इथेच रुळावरून उतरते. ते मनाला येईल त्या अक्षरांपुढे ‘बुर्ग’ लावतात आणि सपाट माळावर बावीस बुर्ग उभे करतात. बुर्गाला गढी लागते, बेर्गाला डोंगर. नदीतून बैलगाडी जाईल असा उतार असेल तिथेच फुर्ट. खोऱ्याला टाल, ओढ्याला बाख, तळ्याला झे. मधुबन धरणाच्या फुगवट्याकाठचे दुधनी घ्यावे आणि पाण्याला बिनदिक्कत दुधनीझे म्हणावे. पाड्याला डॉर्फ, म्हणजे खरडपाड्याचे खर्डडॉर्फ झालेच. आथलला तर हातही लावू नये. जुन्या जर्मन लेखनात खोऱ्याला ‘थाल’च लिहीत. एकाच नावाची दोन गावे हवी असल्यास वरचे ओबर-रखोली, खालचे उंटर-रखोली. बुद्रुक-खुर्दावर वाढलेल्या माणसाला ग्रोस आणि क्लाइन वेगळे शिकवायला नकोत. मांदोनी आणि सिंदोनी ही गावे मात्र इटालियन वाटतात. ती शत्रुपक्षाला देऊन टाकावीत.

उच्चाराकडे लक्ष असावे. स्वरापूर्वीच्या सुरुवातीच्या ‘स’चा जर्मन लोक ‘झ’ करतात, म्हणून राजधानी झिल्वासा. शेवटचा ‘ड’ घट्ट होऊन ‘ट’ होतो, म्हणून इथल्या कराडचे कराट. खानवेलजवळून वाहणारी साकरतोड ही तर मोठी देणगी आहे: शेवटचा ‘तोड’ जर्मन तोंडी ‘टोट’ होतो, म्हणजे मरण. नदीचे नाव न बदलता तिच्या काठी एक तरी पलटण कापून काढावी.

सेनापतीच्या बाबतीत मराठी माणसाला जन्मजात सवलत आहे. बर्लिनचा तो बर्लिनर, फ्रांकफुर्टचा फ्रांकफुर्टर. आपण हेच काम ‘कर’ लावून करतो. खानवेलकरांनी फक्त ‘क’ गाळावा आणि घोड्यावर बसावे. घराणे जुने दाखवायचे असेल तर जनरल फॉन खानवेल.

सगळी नावे तयार झाली की परीक्षा. ती नकाशावर घेऊ नये. १८८५ साली पोर्तुगीज सरकारने सिल्वासाला शहराचा दर्जा देऊन ‘व्हिला द पासो द आर्कुश’ असे नाव ठेवले. मूळचे पासो द आर्कुश लिस्बनजवळ, तेजो नदीच्या मुखाशी. आमच्याकडे समुद्र नाही. हुकूम निघाला, कागदावर चढला, आणि लोक सिल्वासाच म्हणत राहिले. तेव्हा बाजारात जाऊन रिक्षावाल्याला सरळ विचारावे, ‘ओबर-रखोली चलोगे?’ त्याने भाडे सांगितले तर नाव पक्के. त्याने तुमच्याकडे नुसतेच पाहिले तर ते नाव गव्हर्नराने ठेवलेले आहे असे समजून खोडावे.

युद्धाचे कारण कल्पनेतून काढू नये, हास्यास्पद होते. इथे सत्य उपलब्ध आहे. मराठी आरमाराने १७७२ मध्ये पोर्तुगीजांचे ‘सांताना’ जहाज पाडाव केले, आणि १७७९ च्या तहानुसार पुणे दरबाराने त्याच्या भरपाईपोटी नगर हवेलीतल्या गावांचा वसूल लावून दिला. एका जहाजापायी जंगलातला मुलूख! फासे टाकून इतके सुचत नाही. लढाईचा आराखडाही हाताशी आहे. १९५४ साली २२ जुलैला दादरा मुक्त झाले, २ ऑगस्टला सिल्वासा. मुक्तिसैनिकांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते, म्हणजे तुमच्या फौजेत एक संगीतकार आणि एक शिवशाहीर असायला हरकत नाही. भारताने आपल्या हद्दीतून वाट न दिल्यामुळे दमणहून पोर्तुगीजांची कुमक येऊ शकली नाही. सैन्य नेण्याचा त्यांना हक्क नव्हता, असे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६० मध्ये सांगितले. हा नियम खेळात जरूर घ्यावा; मात्र प्रतिपक्षाने सहा वर्षे निकालाची वाट पाहण्याची तयारी ठेवावी.

मुक्तीनंतर सात वर्षे हा प्रदेश पोर्तुगालच्या ताब्यात नव्हता आणि भारतातही रीतसर सामील झालेला नव्हता. कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. तेव्हा काल्पनिक राष्ट्र चालवणे अशक्य आहे, असे घरच्यांनी म्हटल्यास हा दाखला द्यावा.

शेवटी कंटाळा आला की राष्ट्र विसर्जित करावे, पण रीतीने. विलीनीकरणाच्या करारावर पंडित नेहरूंच्या तोडीच्या पदाची सही हवी, म्हणून १९६१ मध्ये के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान नेमले होते. तुम्हीही भाच्याला नेमावे. सही झाली की दुसऱ्या दिवशी त्याला मूळ इयत्तेत परत पाठवावे. निवृत्तिवेतन देय नाही.