वाटीतलं औषध

संभाजीनगरात नान-खलियाचा, म्हणजे नान आणि तर्रीदार मटणाचा, इतिहास सांगायला इतिहासकार लागत नाही, पंगतीत शेजारी बसलेला माणूस पुरतो. तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराला जेवू घालायला हा पदार्थ आला, असं तो सांगतो आणि सांगता सांगता तिसरा नान उचलतो. राजधानी पुढे परत गेली. खलिया इथेच रमला.

आमचे मामा मधुमेही. हल्ली त्यांना विज्ञानाची गोडी लागली आहे. बाकीच्या गोड्या बंद झाल्यामुळे असेल. "अरे, धणे, मिरे, दालचिनी, हळद... ह्याला मटण कोण म्हणतं? काढा आहे हा!" असं म्हणत ते तर्रीत बोट बुडवतात. त्यांचा हुकमाचा पत्ता म्हणजे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचा २०२० चा प्रयोग. वजन जास्त असलेल्या १२ पुरुषांना भरपूर चरबीचं, भरपूर पिष्टाचं जेवण दिलं. एकदा मसाल्याशिवाय, एकदा २ ग्रॅम मसाले घालून, एकदा ६ ग्रॅम. मग रक्त काढून त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत डिवचल्या. ६ ग्रॅमच्या जेवणानंतर दाह भडकवणारं एक प्रथिन त्यांनी कमी सोडलं. ६ ग्रॅम म्हणजे दोन-तीन चहाचे चमचे. मराठवाड्यातल्या काळ्या मसाल्याला यात आव्हान ते काय!

साखरेचा पुरावाही मामांकडे आहे. स्वीडनमध्ये २००७ साली तांदळाच्या खिरीत ६ ग्रॅम दालचिनी घातली, तर पोट सावकाश रिकामं झालं आणि रक्तातली साखर कमी चढली. 'खीर' शब्दापाशी मामांचे डोळे लकाकतात. खाणारे १४ जण ठणठणीत होते, हा तपशील ते गाळतात. शिवाय बाजारातल्या स्वस्त, जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन असतं. रोज एवढी खाल्ली तर यकृत कुरकुरेल.

राहिली हळद. नानवर तिचा पिवळा हात फिरलेला असतो, म्हणून मामा नानलाही औषधात धरतात. पण हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के, आणि तेही रक्तात धड उतरत नाही. मिऱ्यातल्या पायपरिनची सोबत मिळाली तर मात्र ते कितीतरी पट उतरतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं.

"खलियात मिरे आहेतच की!" मामा.

आहेत ना. पण ही सगळी तारीफ वाटीची झाली. मैद्याचा नान ताटात गुमान पडलेला असतो आणि साखर चढवतो तो. चमचाभर मसाला त्याला कुठवर आवरणार? म्हणून मामींनी परवा तोडगा काढला: खलिया खा, पण ज्वारीच्या भाकरीशी, आणि तीही एकच.

मामांनी ताट जरा लांब सरकवलं. "सातशे वर्षांची सोयरीक आहे ही," ते म्हणाले, "आपल्या एका रिपोर्टपायी मोडायची?"

मामींनी भाकरी वाढली.