जोडप्यामागे एक गाइड

चिनहट, लखनौ
सोमवार, रात्री

ती. आई-बाबांस,
सा. न.

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत जमेल तेवढं लिहिते. आई, काल फोन लागला नाही याचा अर्थ आम्ही धुक्यात हरवलो असा होत नाही. टीव्हीवरचं धुकं एक्स्प्रेस-वेचं असतं. आमच्याकडे सकाळी फक्त समोरची बिल्डिंग दिसत नाही, आणि ती दिसली तरी तिच्यात बघण्यासारखं काही नाही. खोका मिळाला. हलव्याचे दागिने शाबूत आहेत. मंगळसूत्राचे चार दाणे निखळले होते, ते तुझ्या जावयांनी खाल्ले.

बंडूला मुलगी पसंत आहे आणि काकू मंगळावर अडून बसल्यात म्हणे. त्यांच्या स्वतःच्या पत्रिकेत काय होतं ते एकदा काकांना विचारा. नाना तळमजल्यावर राहून लिफ्टची वर्गणी देणार नसतील तर न देऊ देत, पण मग गच्चीत पापड वाळत घालायला लिफ्टने जाऊ नये.

तुझा नेहमीचा प्रश्न, दोघं कुठे फिरायला जाता की नाही. काल गेलो. कारखान्याला सुट्टी होती आणि जावईबापूंना बाईंबरोबर निवांत शहर बघायचं होतं. बाबा, तुम्ही विचारलेली लढाई आमच्याच बाजूची. 30 जून 1857 ला इंग्रजांचा हेन्री लॉरेन्स फौज घेऊन चिनहटपर्यंत आला, मार खाल्ला आणि भर उन्हाळ्यात रेसिडेन्सीकडे पळत सुटला. 4 जुलैला तर गेलाच बिचारा. त्यानंतर चिनहटहून लखनौकडे इतक्या घाईने फक्त शेअर टेंपोच जातात. आम्ही तसल्याच एकात मांडीवर दुसऱ्याची पिशवी घेऊन मुन्शीपुलियाला पोचलो, पुढे मेट्रो, मग ई-रिक्षा.

चौकात गोल दरवाजापाशी मक्खन मलाई खाल्ली. रात्री दूध दवात ठेवतात, पहाटे घुसळून वरचा फेस काढतात, त्यावर केशर-पिस्ता. जिभेवर ठेवेपर्यंत संपते. जावई म्हणाले, पैसे कसले दिले आपण? ऊन चढलं की ती बसते, म्हणून पुण्याला पाठवता येणार नाही. नानांना आत्ताच सांगून ठेव.

मग बडा इमामबाडा. 1784 च्या दुष्काळात आसफउद्दौला नवाबाने लोकांना काम मिळावं म्हणून बांधायला घेतला. बाबा, आपल्या रोजगार हमीच्या आधीची रोजगार हमी. दिवसा मजुरांनी बांधायचं आणि रात्री घरंदाज मंडळींनी, अंधारात तोंड न दाखवता, त्यातलं थोडं पाडायचं, म्हणजे दोघांचीही चूल पेटती राहील, असं लोक सांगतात.

आता नियम ऐक. वरच्या भुलभुलैयात जोडप्याने गाइडशिवाय जायचं नाही. मी मंगळसूत्र पुढे केलं. गाइड अदबीने म्हणाला, ‘‘मॅडम, शादी मुबारक हो, लेकिन नियम है.’’ लग्न ठरल्यावर सारसबागेत तू आत्याला आमच्यामागे धाडलीस, तेव्हा वाटलं होतं लग्नानंतर सुटू. आत्याने निदान फी घेतली नव्हती. बूट काढून, जानेवारीच्या फरशीवर बोटं आखडून घेत आम्ही दोघं आणि तो. एक माणूस जेमतेम मावेल असे अंधारे बोळ, सगळे सारखे. ‘‘अब आप रास्ता ढूँढ़िए’’ म्हणून त्याने सोडलं, आणि बरंच फिरून आम्ही त्याच्याच पुढ्यात आलो. मग त्याने दिवाणखान्याच्या एका टोकाला कागद फाडला, तो पन्नासेक मीटरवर पलीकडच्या सज्जात स्वच्छ ऐकू आला. एवढा मोठा हॉल आणि मध्ये एक तुळई नाही. आत्याला आणायला हवं, नाहीतरी ती भिंतीला कान लावूनच असते. कळस म्हणजे, आमच्या सभ्यतेवर लक्ष ठेवायला नेमलेला हाच माणूस फोटो काढताना म्हणाला, ‘‘भाईसाहब, थोड़ा और पास आइए!’’

शिट्टी झाली. आले.

हं. चिकनची यादी. काकूंना ‘तिथे स्वस्त मिळतो तो’ कुर्ता, आत्याला साडी, नव्या वहिनीला (अजून ठरली नसली तरी) ड्रेस. आई, साडी बावीस हजार! मी दुकानदाराला म्हटलं, भैया, एकच हवी आहे. त्याने न चिडता एक न धुतलेला तुकडा काढून दाखवला. त्यावर निळीचे ठसे, त्या ठशांवर टाके. बखिया, फंदा, तांदळाच्या दाण्याएवढी मुर्री, आणि सूत सारून केलेली जाळी, जिला भोक पाडलेलं नसतं तरी आरपार दिसतं. आसपासच्या गावांतल्या बायका महिनोन्‌महिने घरी बसून हे करतात, मग धोबी निळी घालवतो. त्यांच्या हातात त्यातलं किती पडतं, ते विचारल्यावर मात्र दुकानदार चहा मागवायला उठला. काकूंच्या बजेटमध्ये मशीनचा येतो. मशीनचा म्हणून सांगायचं की नाही, ते तू ठरव.

परत येताना कैसरबागेत भातखंड्यांच्या विद्यापीठाचं फाटक बघितलं. वाळकेश्वरचा वकील, आणि 1926 मध्ये इथे येऊन गाण्याचं कॉलेज काढतो! रविवार, त्यामुळे बंद. आत्याच्या यमनाला जिथून परीक्षेची धास्ती लागली ती जागा म्हणून जावयांनी बाहेरून हात जोडले. संध्याकाळी हजरतगंजात नुसतं इकडून तिकडे चाललो. त्याला इथे गंजिंग म्हणतात, खिशाला परवडतं.

घरी येऊन खोक्यातले कागद आवरायला बसले. भाजणीला गुंडाळलेला पेपर, त्यात बाबांचं अर्धवट शब्दकोडं. आडवे सात मी भरलं. खाली बातमी, निगडी-प्राधिकरणात गुरुवारी पाणी नाही. वाचलं आणि बादली भरायला उठलेच की गं! नळापर्यंत गेले होते. जावई काही बोलले नाहीत, त्यांनीच मग बादली भरली. इथे पाण्याला काही धाड भरलेली नाही.

संक्रांतीला काळी साडी नेसणार आहे. शेजारच्या भाभी सणाला काळं म्हणताच दचकल्या, पण हलव्याचा हार बघायला येणार आहेत, उडदाची खिचडी घेऊन. थर्मल आत घालीनच, पुन्हा फोन करू नकोस. म्हणजे कर.

तुझी,
चिमी

ता. क. काकूंचा रंग आणि माप लवकर कळव. पुढच्या खोक्यात आमसुलं घाल. इथल्या वाण्याने आमसुलं म्हणून मला वाळलेले आलुबुखारे दिले, आणि त्यांची आमटी तुझ्या जावयांना इतकी आवडली की आता उशीर करून चालणार नाही.