कूलरमधले अनाथ

आमच्या धामणगाव रेल्वे गावात परोपकाराला वाव कमी. ज्याच्यावर उपकार करायला जावं, तो आपल्या आजोबांची उधारी सांगायला लागतो. त्यामुळे मार्च संपता संपता कूलरच्या जुन्या ताट्या काढताना गवतात खारीची दोन पिलं सापडली, तेव्हा मी भलताच खूश झालो. डोळे मिटलेले, अंगाला केस नाहीत, खाली आमच्याच गादीतून पळवलेला कापूस. आजूबाजूला आई दिसेना. म्हणजे अनाथ! एवढ्या झटपट मी घरातला एकही निर्णय आजवर घेतलेला नाही.

बायकोला मी हेमलकशाची गोष्ट ऐकवली. शिकार झालेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमट्यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतलं आणि त्यातूनच तिथलं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं.

"ते डॉक्टर आहेत," ती म्हणाली. "तुम्ही फवारणीचं औषध विकता."

पिलांची नावं गाड्यांवरून ठेवली, विदर्भ आणि सेवाग्राम. गाईच्या दुधात साखर घातली, शाईच्या पेनाचा ड्रॉपर धुऊन घेतला आणि विदर्भला तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं. दूध तोंडातून गेलं, नाकातून आलं. मी त्याची पाठ थोपटली. रात्रभर गजर लावून पाजणं चाललं. सकाळी कृषी केंद्रात गिऱ्हाइकानं डीएपीचा भाव विचारला, तर मी विचारलं, "कोमट आहे ना?"

त्यात एक भांडखोर खार खिडकीच्या गजाशी येऊन सारखी चिरचिर करायची. लेकरांची झोप मोडते म्हणून मी तिच्यावर चप्पल भिरकावली. नेम चुकला. माझा कधी बसत नाही, आणि त्या दिवशी तेवढंच एक बरं झालं.

दुपारपर्यंत पिलं मलूल पडली, पोटं बिघडली. त्यांना टोपीत घालून गुरांच्या डॉक्टरांकडे पळालो. बैलजोडीमागे टोपी घेऊन रांगेत उभं राहायला वेगळंच धैर्य लागतं. डॉक्टरांनी आधी पिलं उबेला ठेवली. गार पडलेल्या पिलाला दूध पचतच नाही म्हणे. पाजायचं ते पालथं धरून, नाहीतर दूध फुफ्फुसात उतरतं. पाजल्यावर खालून ओल्या कापसानं हळूच पुसायचं, कारण एवढी लहान पिलं आईनं चाटल्याशिवाय लघवीसुद्धा करत नाहीत. आणि गाईचं दूध वासराचं. कुत्रीच्या दुधातसुद्धा स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीच्या आसपास असतो, तर खारीच्या पिलाचं गाईच्या दुधावर काय भागणार!

"साखर कोणी सांगितली?"

"कोणी नाही. माझ्याच मनानं."

"यांची आई कुठे आहे?"

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. उत्तर घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी दिलं, तेही कुंपणावरून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं. "काहून हाकलून राह्यला तिले, भाऊ? तेच माय व्हय न त्याहिची!"

मग मला आठवलं, जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात, तेव्हा वनखात्याची माणसं आणि माणिकडोह निवारा केंद्राचे डॉक्टर त्यांना तपासून संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. अंधारात मादी येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा आपला लाडका समज तिथे बिबटीणच खोटा पाडते. मीही तसंच केलं. चपलांच्या खोक्यात कापूस घातला, पिलं ठेवली आणि खोकं कूलरवर ठेवून घरात लपलो. थोड्याच वेळात भांडखोर बाई आल्या. एकेक पिलू तोंडात धरून लिंबावर नेलं. माझ्या दुधाला, गजरांना आणि नामकरणाला त्यांनी काडीची किंमत दिली नाही.

तेव्हा तुमच्याही कूलरमध्ये पिलं निघाली, तर ताट्या होत्या तशा बसवा आणि दूर बसून वाट पाहा. आई खरोखरच मेली असेल, तर वनखात्याचा १९२६ लावा. गाईगुरांसाठी पशुवैद्यकीय सेवेचा १९६२ आहे. आकडे तेच, नुसते उलटसुलट. माझं दोन्हीकडे चुकीचं जनावर सांगून झालं आहे. सल्ल्यासाठी मला मात्र विचारू नका. फवारणीचं औषध हवं असेल, तर दुकान उघडं आहे.