दम किती धरायचा?

म्हातारं माणूस चिडलं की घरातलं कुणीतरी लगेच डॉक्टर होतं. "आबांचं वय झालं, आता धीर म्हणून राहिला नाही." सून तेच म्हणते, लेक तेच म्हणतो आणि कॉलेजात जाणारा नातू मोबाईलमधून मान वर न काढता सुनावतो, "आबा, दमानं घ्या की जरा!" तोंडी लावायला 'साठी बुद्धी नाठी' आहेच. मला हे निदान साफ नामंजूर आहे. आणि बेळगाव-निपाणीकडच्या म्हाताऱ्यांबद्दल तर कुणी ते तोंडातून काढूच नये.

मुळात वय वाढलं की राग वाढतो, हेच खरं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांनी कित्येक वर्षं या विषयावर काम केलंय. त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांत उलटंच दिसतं. उतारवयात रोजचा राग, रोजचा त्रागा सरासरीने कमी होतो. बदलतं ते एवढंच, की पुढे वेळ थोडा उरलाय हे माणसाला कळतं आणि तो थोडका वेळ फालतू गोष्टींत घालवायला तो तयार होत नाही. 'नंतर बघू' हे पंचविशीतल्या पोराला चालतं, कारण त्याच्यापाशी 'नंतर' भरपूर आहे. पंच्याहत्तरीतल्या माणसाला तेच ऐकवणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालणं आहे. तो ओरडणारच. ओरडलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र घरच्यांनी ध्यानात ठेवावी. जन्मभर शांत असलेलं माणूस चार-सहा महिन्यांत एकदम तिरसट झालं, तर ते वयावर ढकलून मोकळं होऊ नका. ऐकू कमी येतंय का, गुडघा रात्रभर ठणकतोय का, थायरॉइड बिघडलंय का, विसरायला होतंय का, मन खचलंय का, हे डॉक्टरकडून तपासून घ्या. कानाला यंत्र लावल्यावर अर्धी भांडणं मिटलेली घरं मी पाहिली आहेत.

आता आमच्या मुलखाचा हिशेब.

जानेवारी १९५६ मध्ये बेळगाव, निपाणी हा मराठी मुलूख म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात जाणार हे कळलं आणि माणसं रस्त्यावर आली. त्या दिवसांतल्या गोळीबारात बेळगावात मारुती बेन्नाळकर, मधुकर बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारागडी गेले. निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना अमलात आली. तेव्हापासून सीमाभागात १७ जानेवारी हा हुतात्मा दिन आणि १ नोव्हेंबर हा काळा दिवस. त्या वर्षी बापाचं बोट धरून मोर्चात गेलेलं दहा वर्षांचं पोरगं आज ऐंशीच्या घरात आहे. त्याने शाळा केली, संसार केला, नोकरी किंवा शेती केली, पोरांची लग्नं केली आणि दर १ नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधली. अशा माणसाला धीर नाही म्हणता? या देशात इतका धीर दुसऱ्या कुणी धरलेला असेल तर मला दाखवा.

आणि या सीमाप्रश्नात जेव्हा जेव्हा काही हललं, तेव्हा ते दम न धरणाऱ्या म्हाताऱ्यांमुळेच हललं. सेनापती बापटांचा जन्म १८८०चा. मुळशीचा सत्याग्रह लढलेला हा माणूस १९६६ मध्ये पंच्याऐंशी ओलांडून गेला होता. या वयात त्यांनी सीमाप्रश्नासाठी मुंबईत उपोषण मांडलं. 'तुमची प्रकृती सांभाळा, सरकार बघतंय' असं म्हणणारे तेव्हाही होतेच. म्हातारबुवांनी ऐकलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला.

आयोगाचा अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ गावं म्हैसूरला आणि बेळगाव शहर होतं तिथेच. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. 'अहवाल आहे तसा लागू करा' ही कर्नाटकाची भूमिका राहिली आणि लागू तर काहीच झालं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात बापट गेले.

त्यानंतर वाट पाहण्याचा दुसरा डाव. मार्च २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. २०१४ मध्ये पुरावे नोंदवण्यासाठी न्या. मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली. दाव्याला दोन दशकं उलटून गेली आहेत. ज्येष्ठ नागरिकांचे खटले आधी चालवावेत हे तत्त्व आपल्या न्यायव्यवस्थेला मान्य आहे. पण राज्याने राज्यावर लावलेल्या दाव्यात म्हातारं कुणी नसतं. त्यात दोन सरकारं असतात, सरकारांचे वकील असतात, आणि यांपैकी कुणाचेही दात पडत नाहीत. १९५६ चं जे आठवतंय ते सांगू शकणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत चालली आहेत. साक्षीदाराचं वय बघून तारीख देण्याची गरज कुठल्या खटल्यात असेल, तर ती या खटल्यात आहे.

प्रा. एन. डी. पाटील बघा. जन्म १९२९चा. सीमाप्रश्नाचा अभ्यास आणि नेतृत्व करता करता त्यांची हयात गेली. ऐंशी उलटल्यावर हे गृहस्थ कोल्हापुरात टोलविरोधी आंदोलनाच्या अग्रभागी उभे राहिले आणि २०१५ मध्ये तो टोल रद्द झाल्यावरच ते प्रकरण थांबलं. एका शहरापुरता प्रश्न, समोर एकच सरकार, आणि मागे न हटणारे म्हातारे, म्हणून तो मिटला. सीमाप्रश्न त्यांच्या डोळ्यांदेखत मिटला नाही. ते गेले २०२२ मध्ये, १७ जानेवारीला. हुतात्मा दिनाच्याच दिवशी.

आमच्या नेत्यांना या बाबतीत मी सोडणार नाही. एकेकाळी सीमाभागाच्या लढ्यातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार सीमाभागातून कर्नाटकाच्या विधानसभेत निवडून जात. २०१८ मध्ये एकही गेला नाही, २०२३ मध्ये एकही गेला नाही. गटतट, एका मतदारसंघात दोन-दोन उमेदवार, रुसवेफुगवे. हुतात्मा दिनाच्या सभेत पुढच्या खुर्च्यांवर ज्येष्ठांना बसवायचं, शाली घालायच्या आणि 'लढा चालूच राहील' असं माईकवरून सांगायचं. पुढच्या खुर्चीवर बसलेल्याला लढा चालू राहायला नको आहे, संपायला हवा आहे. तो भर सभेत उठून बोलला की कार्यकर्ते त्याला हाताला धरून खाली बसवतात. बोलू द्या त्याला. तिथे बोलायचा पहिला हक्क त्याचाच आहे.

मोठ्या प्रश्नाचं असं. पण रोजचा संयम सुटतो तो रोजच्या ठिकाणी.

सीमाभागातल्या कचेरीच्या खिडकीशी उभं राहून बघा. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले कागद. उताऱ्यावर नाव चुकलंय, वारसा लागायचा आहे, किंवा संध्या सुरक्षा पेन्शनचे महिना बाराशे रुपये तीन महिने आलेले नाहीत. अर्ज कन्नडमध्ये. उत्तरही कन्नडमध्ये, "सर्व्हर इल्ला, नाळे बन्नी." म्हणजे सर्व्हर नाही, उद्या या. उद्या म्हणजे पुन्हा बसचं भाडं, पुन्हा सोबतीला कुणीतरी, पुन्हा कामाचा खाडा. निपाणी तालुका होईपर्यंत हा प्रत्येक खेटा चिकोडीला होता. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना, नियम त्यांच्याही भाषेत द्यावेत, हे केंद्र सरकारनेच मान्य केलेलं आहे. भाषिक अल्पसंख्याक आयुक्त वर्षानुवर्षं तेच लिहीत आले. बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठी माणसं १५ टक्के आहेत की नाहीत, हे कुणाला मोजायला पाठवायचं?

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याच रांगेत मागे उभ्या असलेल्या कन्नड अज्जालाही 'नाळे बन्नी' हेच ऐकावं लागतं. त्याला ते कळतं, एवढाच फरक. सर्व्हर दोघांनाही सारखाच बंद. दोन्ही म्हाताऱ्यांना बसायला बाक नाही. हे दोघं मिळून त्या खिडकीवर एकदा ओरडले तर फार बरं होईल.

बसचंही तेच. कर्नाटकात साठीनंतर तिकिटात २५ टक्के सूट. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी पार केलेल्यांना एसटी फुकट, पण महाराष्ट्राच्या हद्दीपुरती. निपाणीची माणसं दवाखान्याला कोल्हापूर गाठतात आणि चंदगडची माणसं बेळगाव. यांची आजारपणं हद्द बघून येत नाहीत. पण कुणी कुठे बसला काळं फासलं की दोन्हीकडच्या गाड्या बंद. डिसेंबर २०२२ मध्ये बंद, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद. पुढारी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर अडवले जातात, त्यांचे फोटो येतात. स्टँडवर फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या डायलिसिसच्या पेशंटचा फोटो येत नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावरही कर्नाटकाने हरकत घेतली. आजारी माणसाला कोण औषध देणार यावर दोन सरकारं भांडतात, आणि त्या आजारी माणसाने शांत बसावं अशी अपेक्षा करतात.

पण माझं काळीज खरं तुटतं ते निपाणीच्या रेशन दुकानात.

निपाणी म्हणजे तंबाखू. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी इथला महामार्ग अडवून ठाण मांडलं. ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी मेले. त्याच काळात तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायांनी संघटना बांधली आणि मालकांसमोर मजुरी मागायला उभ्या राहिल्या. युगांतर या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. तेव्हाच्या त्या तरण्या बायांचा दम सुटला होता, म्हणून निपाणीचं नाव देशाला कळलं. आज त्यांच्यातल्या कितीतरी सत्तरीत आहेत. कुणी वखारीत चाळण मारली, कुणी मांडीवर सूप घेऊन जन्मभर विड्या वळल्या.

अशी एखादी आज्जी रेशनला येते. दुकानदार यंत्र पुढे करतो. ती अंगठा टेकवते. यंत्राला ठसा लागत नाही. पान कापून, जर्दा भरून, दोरा आवळून बोटांच्या रेघा झिजून गेल्या आहेत. दुकानदार म्हणतो, "आज्जी, केसावरनं फिरवून घे अंगठा." ती तेलकट केसांवरून अंगठा फिरवते, पदराला पुसते, पुन्हा टेकवते. नाही लागत. दुसऱ्या हाताचा. नाही लागत. मागची रांग कुजबुजायला लागते. "उद्या ये आज्जी, आज नेट स्लो हाय." आणि मग आज्जी जे काही बोलते ते ऐकून मागचा पोरगा हसतो आणि म्हणतो, म्हातारीचं टाळकं सरकलंय. तिचं टाळकं एकदम जागेवर आहे. ज्या कामाने तिची बोटं खाल्ली, त्याच बोटांकडे आता धान्यासाठी पुरावा मागितला जातोय. तिने शिवी दिली असेल तर ती योग्य ठिकाणी दिली.

आणि याला उपाय नाही असंही नाही. ठसा जुळला नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नये, असं केंद्राच्या अन्न खात्याने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलेलं आहे. ते पत्र मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत छापून निपाणी-बेळगावातल्या प्रत्येक रेशन दुकानाच्या भिंतीला डकवा. नातवांनी मोबाईल खिशात ठेवून आज्जीबरोबर एकदा त्या दुकानापर्यंत जावं आणि भिंतीवर ते पत्र दिसलं नाही तर मागावं. अंगठा दोनदा लागला नाही की तिसऱ्यांदा मागू नका. वही पुढे करा, सही घ्या, धान्य मापा.