खांब चालेल, तार नको

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात विल्सन नावाचे पन्नासेक हजार वस्तीचे शहर आहे. एकेकाळी तिथे तंबाखूचा प्रचंड बाजार भरे. शहर तंबाखूवर पोसले, त्याबद्दल कुणी त्याला बोल लावला नाही. पुढे त्याच शहराने इंटरनेट विकायला काढले आणि राज्याच्या विधिमंडळाला जनहिताचा उमाळा आला.

झाले असे, की विल्सनला फायबर हवे होते. पालिकेने आधी रीतसर टाइम वॉर्नर केबल आणि एम्बार्क या कंपन्यांची दारे ठोठावली. एवढ्याशा गावासाठी कोण पैसा ओतणार? दोघींनी नकार दिला. पालिकेकडे स्वतःची वीजसेवा होती, खांब होते, घरोघर बिले पोचवायची सवय होती. तिने कर्ज काढले आणि २००८ मध्ये 'ग्रीनलाइट' सुरू केले. वाढलेले ताट ज्यांनी परत पाठवले होते, त्यांना शेजारची पंगत बसल्यावर कडकडून भूक लागली.

मग राजधानी रॅलेमध्ये खटपटी सुरू झाल्या आणि २०११ मध्ये कायदा झाला. त्याचे बोलीतले नाव 'समान मैदान' आणि कागदोपत्री हेतू रोजगार व गुंतवणुकीचे रक्षण. एका बाजूला देशभर पसरलेली केबल कंपनी, दुसऱ्या बाजूला विल्सनची पालिका. यातली दुबळी बाजू कोणती, हे विधिमंडळाने अचूक ओळखले आणि कंपनीला आधार दिला. गव्हर्नर बेव्ह पर्ड्यू यांनी विधेयकावर सही केली नाही आणि ते अडवलेही नाही, त्यामुळे ते आपसूक कायदा झाले. ग्रीनलाइट जगले, पण काउंटीच्या वेशीत.

शेजारच्या टेनेसीतही अशीच वेस आखलेली होती. चॅटनूगाच्या सरकारी वीजमंडळाने २०१० मध्ये आपल्या साऱ्या वीजग्राहकांना एक गिगाबिट वेग देऊ केला. पलीकडच्या वस्त्या हात पसरून उभ्या होत्या, पण कायदा म्हणे, जिथवर तुमची वीज तिथवरच तुमचे इंटरनेट.

विल्सनला तेवढीही मुभा नव्हती. वेशीपलीकडे पाइनटॉप्स हे जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. त्या गावाला वीज विल्सनचीच. त्याच खांबावरून विल्सनचा दिवा गावात जाऊ शके, विल्सनचा वेग मात्र नाही.

फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्रीय दूरसंचार आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी दोन्ही राज्यांचे निर्बंध बाजूला सारले. २०१६ मध्ये पाइनटॉप्सच्या घराघरांत फायबर पोचले. त्याच ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. राज्य आणि त्याच्या पालिका यांच्यामध्ये आयोगाने पडायचे नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. सासू-सुनेच्या भांडणात शेजाऱ्याने तोंड घालू नये, हे कायद्याच्या भाषेत सांगायला बरीच पाने लागली.

आता चालू जोडणी तोडणे आले. ज्या राज्यात देशातली सर्वाधिक रताळी पिकतात, तिथे रताळी निवडणारी यंत्रेही वेगवान इंटरनेट मागू लागली होती. रताळ्याला 'समान मैदान' कसे समजवायचे?

विल्सनच्या नगरसेवकांनी आधी जोडणी तोडायचा ठराव केला. मग कुणाच्या तरी लक्षात आले, की बंदी विक्रीला आहे, दानाला नाही. पालिकेने पाइनटॉप्सला सहा महिने इंटरनेट फुकट दिले. खासगी कंपन्यांना अन्यायी स्पर्धेपासून वाचवणाऱ्या कायद्यातून निघालेली ही वाट! आता त्यांना शून्य दराशी स्पर्धा करायची होती.

२०१७ मध्ये विधिमंडळाला पाझर फुटला. पाइनटॉप्सला सूट मिळाली, तीही खासगी कंपनी गावात फायबर आणेपर्यंत. जिला सुरुवातीला यायचेच नव्हते, ती आली की पालिकेने तार गुंडाळून उठायचे. विजेचे खांब तसेच राहतील. त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.